टाकीतली चिंधी

सत्तर दिवस बाबांनी गलबताकडे पाहिलं नव्हतं. गलबत धक्क्याच्या उजव्या अंगाला चिखलात कलतं पडून होतं आणि घराच्या पुढच्या दारातून सरळ दिसत होतं, म्हणून ते मागच्या दारात, भिंतीकडे तोंड करून बसत. सकाळी वहिनी त्यांच्या अंगात सदरा घाली, कारण बटणं त्यांच्या बोटांना सापडेनाशी झाली होती. ताटातला भात ते चार घास खात आणि उरलेल्यात बोट फिरवत राहत. दिवसातून एकदा, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणत, "खुंटी मी मारली."

त्या खुंटीचं धक्क्यावर सगळ्यांना माहीत होतं. डिझेलच्या टाकीला बुडाशी एक कॉक असतो. दर आठवड्याला तो उघडायचा, खाली साठलेलं पाणी आणि गाळ वाहू द्यायचा, स्वच्छ डिझेल आलं की बंद करायचा. आमचा कॉक ठिबकायला लागला, गलबताच्या तळात वास कोंडायला लागला आणि दादा रोज कुरकुरायला लागला. तेव्हा बाबांनी एका दुपारी लाकडाची खुंटी तासली, कॉकच्या तोंडात ठोकली, वरून कपडे धुवायचा साबण लिंपला आणि हात झटकले. ठिबकणं थांबलं. पुढची दोन वर्षं टाकीतला गाळ टाकीतच राहिला.

मग त्या दिवशी खाडीच्या मुखाशी, ओहोटी जोरात असताना, इंजिन आचके देत बंद पडलं. वाऱ्याचं नाव नव्हतं. आदल्या दिवशी विटा भरून ठेवलेलं गलबत खडकांकडे ओढलं जायला लागलं, तसा दादा शीड चढवायला पुढे धावला. शीड अर्ध्यावर गेलं आणि नेमका तेव्हा वारा आला. शिडाचा आडवा वासा फिरला आणि दादाच्या कानशिलावर बसला, तसा तो पाण्यात गेला. बाबा सुकाणूवर होते. त्यांना सुकाणू सोडता आलं नाही. त्याच वाऱ्याने गलबत खडकांपासून सुटलं आणि दादा दुसऱ्या दिवशी सापडला.

आता माझं सांगते, कारण बाबांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं.

टाकीत डिझेल ओतायची नळी वर फळ्यांतून बाहेर येते. तिचं झाकण केव्हाच पाण्यात गेलं होतं. नवीन आणू, नवीन आणू म्हणत आम्ही त्या तोंडात चिंधी कोंबत होतो. आमच्या घरात कुठलीही वस्तू मोडली की तिच्या जागी आधी चिंधी येते आणि मग कायमची राहते. दादाच्या जुन्या सदऱ्याची ती बाही होती, पण आम्ही तिला झाकणच म्हणायचो. त्या सकाळी डिझेल मी भरलं. नरसाळं बसवलं, दोन कॅन ओतले आणि झाकण लावायला गेले तर झाकण नाही. फळ्यांवर नाही, पाण्यात नाही, माझ्या खांद्यावर नाही. नळीत तार घालून ढवळून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. ते आत गेलं असणार हे मला तेव्हाच कळलं. पण बाबा ओहोटी चुकेल म्हणून ओरडत होते आणि दादा दोर सोडत होता. मी दुसरं फडकं फाडून कोंबलं आणि धक्क्यावर उतरले. वहिनीने घरातून हाक मारून विचारलं, झालं का सगळं? मी म्हटलं, झालं. तासाभराने इंजिन बंद पडलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बाबा रोज खुंटीचं म्हणायचे आणि मी रोज त्यांच्यासमोरून ताट उचलून न्यायचे. रडू आलं नाही. दादा गेला त्याचंही नीटसं आलं नाही. आतून काहीतरी बधिर झालं होतं, हात चालत होते म्हणून दिवस जात होते.

गलबत पाण्यात घालायचं वहिनीने ठरवलं. तीन आठवड्यांत वारे फिरणार होते आणि पलीकडच्या तीरावरच्या विटा नेहमीप्रमाणे आमच्या गलबताची वाट पाहत होत्या. तिने मला अंगणात गाठलं आणि म्हणाली की बाबांना त्या दारातून उठवायचं तर आधी गलबत उठवायला हवं. नाहीतर ते तिथेच बसल्या बसल्या संपतील. तिचं खरं होतं. बाबांचं मनगट इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. आणि भरलेलं गलबत खाडीच्या मुखातून काढणारा हात घरात तो एकच उरला होता. "आणि गलबत गेलं तर मी या घरात कोण?" वहिनी म्हणाली. मी म्हटलं, असं का बोलतेस? ती म्हणाली, "बोलत नाहीये काडी, विचारतेय."

काडी मला दादा म्हणायचा. लग्न करून दीड वर्षात मी परत आले तेव्हा अंगावर इतकं कमी मांस होतं की त्याला दुसरं नाव सुचलं नसावं. त्याचं ऐकून वहिनीही म्हणायला लागली. आमच्या दोघींमध्ये वन्सं-वहिनी असं काही उरलं नव्हतं, एका उशीवर दोन डोकी ठेवून आम्ही दुपारी झोपत असू.

टाकी पाहायला वहिनीने धक्क्यावरच्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रीला आणलं. मिस्त्रीला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाने तो ऐकून घेत नाही. त्याने बॅटरी लावून खाली पाहिलं, टाकीच्या बुडाला नख लावलं, नख आत गेलं. टाकी ज्या लाकडांवर बसली होती ती ओल धरून पत्र्याला खात होती. ठिगळ चालणार नाही, नवी करावी लागेल, असं त्याने सांगितलं. मग फळ्यांतलं खाली उतरायचं भोक हाताने मापलं, टाकी मापली आणि विचारलं की ही आत घातली कशी. मी म्हटलं, टाकी आधी ठेवली, गलबत नंतर बांधलं.

"शाबास," मिस्त्री म्हणाला.

खरंच तसं होतं. बाबांना जुन्या बाजारात टाकी स्वस्तात दिसली, तेव्हा गलबताच्या नुसत्या फासळ्या उभ्या होत्या. त्यांनी ती आत ठेवली आणि वरून फळ्या मारल्या. कधी बाहेर काढावी लागेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मिस्त्री म्हणाला की आतल्या आत कापणार नाही, डिझेलच्या टाकीला कोंडलेल्या जागेत ठिणगी लावायला त्याला घरी बायको जड झालेली नाही. मागच्या तीन फळ्या उपसायच्या, वाशाला कप्पी लावून टाकी वर ओढायची आणि धक्क्यावर पाणी भरून मगच फोडायची.

फोडायची कशाला, मी विचारलं. तशीच भंगारात देऊ. मला तेवढंच हवं होतं. टाकी अख्खी जावी आणि बाहीसकट कुठेतरी वितळावी.

बंद टाकी भंगारवाला घेत नाही, मिस्त्री म्हणाला. तरी मी त्याला पटवलं असतं. पण त्या दुपारी वहिनीने मागच्या दारात जाऊन बाबांना सांगितलं की टाकी काढतोय. बाबांनी भिंतीवरची नजर काढली नाही. इतक्या दिवसांत ते खुंटीशिवाय दुसरं काही पहिल्यांदाच बोलले.

"फोडून बघा. आत काय निघतं ते मला सांगा. खोटं सांगू नका."

दुसऱ्या दिवसापासून मी खाली. त्या भोकातून आत जाईल असं अंग आमच्या घरात पूर्वी दोघांचं होतं, आता माझं एकटीचं. डोकं आधी, मग एक खांदा, मग श्वास सोडून दुसरा. आत इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये कुशीवर पडायचं. पाठीखाली गलबताच्या फासळ्या, तोंडावर टाकीचा गंज. वरून ऊन फळ्यांवर पडत होतं आणि आत भट्टी झाली होती. वहिनी वर हातपंप मारत होती, मी नळी टाकीत धरून होते. डिझेल कॅनमध्ये जात होतं. पहिल्या दोन कॅनमध्ये स्वच्छ आलं, तिसऱ्यात काळपट, मग पंप फुसफुसायला लागला.

पाईपचे नट गंजून एकजीव झाले होते. पाना बसायचा आणि घसरायचा, आणि घसरला की बोटांची सालं जायची. त्यात डिझेल लागलं की नुसतं चरचरायचं. मी पाना लावून वर ओरडायचे, वहिनी वरून पाण्याचा पाईप पान्याच्या दांड्यावर घालून जोर लावायची. एक नट सुटायला अर्धी सकाळ. धक्क्यावरचे पुरुष येऊन उभे राहत. एकाने विचारलं, आत स्वयंपाक चाललाय का? दुसऱ्याने सांगितलं की पाना उलटा धरलाय. पाना उलटा नव्हता. वहिनीने त्याला म्हटलं, उतरा खाली आणि सुलटा करून द्या. त्याने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं आणि गेला.

घरी आलो की जेवणाला डिझेलचा वास. उशीला वास. कोपरांवर पुरळ उठलं होतं, वहिनी त्याला तेल लावून द्यायची आणि तिच्या हाताचे फोड मी सुईने फोडायचे. बाबा मागच्या दारातून विचारायचे, "फोडली?" आम्ही म्हणायचो, अजून नाही. ते पुन्हा भिंतीकडे बघायचे.

तिसऱ्या दिवशी फळ्या उपसल्या. पहारीने एकेक खिळा वर येताना असा आवाज करायचा की दात आंबून जावेत. या फळ्या बाबांनी आणि दादाने मिळून मारल्या होत्या आणि दादाने त्या वेळी कामापेक्षा जास्त खिळे वापरले होते, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. मिस्त्रीने वाशाच्या टोकाला कप्पी बांधली. तोच वासा होता, गलबताला दुसरा नव्हता. वहिनीने त्याचा दोर हातात धरला आणि मिस्त्री सांगेल तसा सोडत राहिली, आवळत राहिली. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही. माझ्याही दिसलं नसावं. टाकी फळ्यांच्या वर आली तेव्हा बुडाचे पापुद्रे झडून खाली पडले. खुंटी अजून कॉकमध्ये घट्ट होती आणि साबण दगड झाला होता.

धक्क्यावर टाकी टेकवून आम्ही तिच्यात पाणी भरलं. बत्तीस बादल्या लागल्या. मिस्त्री म्हणाला की आता उद्या सकाळी कापतो. मी वहिनीला सांगितलं, तू सकाळी गंज मारायचा रंग आणायला जा, मी इथे थांबते. तिला वाटलं मी तिला त्या कामातून सोडवतेय. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

सकाळी मिस्त्रीने चष्मा चढवला आणि ग्राइंडर लावला. वरचा पत्रा चारी बाजूंनी कापत आणला, चौथी बाजू पहारीने उचलली आणि पत्रा डब्याच्या झाकणासारखा मागे वाकवला. पाणी आणि डिझेल एकमेकांत मिसळून वर इंद्रधनुष्यं फिरत होती. टाकी आडवी करून आम्ही ते ओतून दिलं. मग मी आत पाहिलं.

आत एक पडदा होता. टाकीच्या मधोमध उभा पत्रा, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. लाटेत डिझेल एकदम हलू नये म्हणून टाकीवाले असा पडदा घालतात, मिस्त्री म्हणाला. तो बुडाशी फक्त दोन भोकांनी उघडा होता, दोन्ही दोन बोटं जातील एवढी. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण टाकीत आतून कुणी पाहिलंच नव्हतं. डिझेल ओतायची नळी होती पडद्याच्या अलीकडे. इंजिनाला जाणारा पाईप होता पलीकडे.

अलीकडच्या बाजूला, कोपऱ्यात, बाही पडली होती. मुठीएवढा गोळा झाला होता. अलीकडे गाळ जवळजवळ नव्हता. पलीकडे, कॉकच्या आणि पाईपच्या बाजूला, चार बोटं काळा चिकट गाळ बसला होता. मिस्त्रीने पाईप ओढून काढला आणि त्याचं तोंड माझ्यापुढे धरलं. ते काळ्या सायीने गच्च भरलं होतं. त्याने स्क्रूड्रायव्हर घालून ती साय बाहेर काढली, ती संपेना.

"याने बंद पडलं," मिस्त्री म्हणाला. "ती चिंधी कुठली?"

मी म्हटलं, झाकणाची.

"तिचा काही संबंध नाही. ती पडद्यापलीकडे जाऊच शकत नाही. गाळाने केलं. कॉक बंद करून ठेवला ना, मग तो जाणार कुठे?"

मी धक्क्याच्या पायरीवर जाऊन बसले. सत्तर दिवस मी जे वाहत होते ते माझं नव्हतंच. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, हात धुवून होईपर्यंत. साबण लावला, नखं घासली, पाणी ओतलं. मग डोक्यात आलं की आता घरी जायचं आहे आणि मागच्या दारात उभं राहून सांगायचं आहे. त्यांना उत्तर हवं होतं. खोटं सांगू नका म्हणाले होते. खरं सांगितलं तर ते त्या दारातून उठणार नव्हते. तेवढं मला स्वच्छ दिसत होतं, त्यात धैर्याबिर्याचा काही प्रश्न नव्हता. माझी पाठ तरी तरुण होती.

मी परत आले. पाईप डिझेलने आतून धुतला, तार घालून मोकळा केला. मग कोपऱ्यातली बाही उचलली, पिळली आणि तिचं टोक पाईपच्या तोंडात घातलं. ती जाईना. कफचं बटण अडत होतं. मी बटण बाहेर ठेवून बाकीची बाही स्क्रूड्रायव्हरने आत ठोसत राहिले. मग त्यावर थोडा गाळ चोपडला. मिस्त्री ग्राइंडरची वायर गुंडाळत बघत होता.

"काय चाललंय हे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, तुम्हाला एका कानाने ऐकू येत नाही, आज एका डोळ्याने दिसलंही नाही असं समजा.

त्याने गुंडाळलेल्या वायरला गाठ मारली. "टाकीचं कुणी विचारलं तर टाकीचं सांगेन," तो म्हणाला. "तुमच्या घरचं मला कोण विचारतंय." मग त्याने पलीकडचा गाळ खोऱ्याने ओढून पाण्यात टाकला. मी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं.

घरी वहिनी रंगाचे डबे ठेवून मागच्या अंगणात बादली भरत होती. दोघांना एकदमच कळेल, बरं झालं, असं मला वाटलं. वहिनीला वेगळं खरं सांगावं हा विचार आला होता, पण दोघींना माहीत असलेली गोष्ट घरात टिकत नाही. कधीतरी भांडी घासताना तोंडातून जाते. मी बाबांच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि पाईप त्यांच्या मांडीवर ठेवला.

"टाकी फोडली," मी म्हटलं. "हे निघालं."

त्यांनी पाईप उचलला. कफ त्यांच्या चिमटीत आला आणि ते ओढायला लागले. बाही हळूहळू बाहेर आली, काळी, लांब. तिच्यातून डिझेल त्यांच्या पायांवर गळलं. त्यांनी ती मांडीवर पसरली आणि बटण अंगठ्याने पुसलं.

"गाळ?"

"बोटभर होता. तेवढा सगळ्यांच्याच टाकीत असतो."

"खुंटी?"

"खुंटीने काही झालं नाही. ही पाईपात ओढली गेली. म्हणून बंद पडलं."

"ही आत कशी गेली?"

"माझ्या हातून. त्या दिवशी भरताना. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही घाई करत होता म्हणून बोलले नाही."

यातलं निम्मं खरं होतं, म्हणून सांगायला जड गेलं नाही. वहिनीच्या बादलीतून पाणी ओसंडून वाहत होतं. तिने नळ बंद केला आणि पुढे आली.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "झालं का सगळं, म्हणून विचारलं होतं."

"हो."

"तू झालं म्हणालीस."

"हो."

तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने बादली उचलली आणि आत गेली. बाबा माझ्याकडे बघत होते. सत्तर दिवसांनी त्यांनी एखाद्या माणसाकडे नीट पाहिलं, ते माझ्याकडे. त्या नजरेत काय होतं ते मी सांगत बसत नाही. त्यांनी चौकट धरली, गुडघे सरळ केले आणि उभे राहिले. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. नळाशी जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने तोंड धुतलं, मानेवरून पाणी घेतलं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले.

"वाढ," त्यांनी वहिनीला सांगितलं.

त्यांनी ताट स्वच्छ केलं. पुन्हा मागून घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्यांचा घसा हलत होता आणि मला खूप दिवसांनी भूक लागली होती. वहिनीने दोन ताटं वाढली, एक त्यांचं, एक तिचं. मी माझं वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सदऱ्याची बटणं स्वतः लावून धक्क्यावर आले. वरची दोन चुकीच्या घरात गेली होती, पण लावली होती. उपसलेल्या फळ्यांच्या कडेला बसून त्यांनी आत वाकून पाहिलं. नवी टाकी मिस्त्रीने फळ्या बसवायच्या आधी आत सोडली, आणि या खेपेला बाबांनी मागे टाकीच्या वर, ती बाहेर निघेल एवढं मोठं झाकण ठेवायला लावलं. टाकीखाली लाकडाच्या वर रबराच्या पट्ट्या घातल्या. मी खाली कुशीवर पडून बोल्ट आवळत होते. बाबांना काही सांगायचं असलं की ते वहिनीला सांगत. "तिला म्हणावं, डावा बोल्ट आधी." वहिनी खाली वाकून म्हणे, "डावा बोल्ट आधी." मला दोन्ही वेळा ऐकू येत असे. मी डावा आधी आवळत असे.

असं पाच दिवस चाललं. दुपारच्या उशीवर आता एकच डोकं असायचं. वहिनी बोलायची, पण कामापुरतं, आणि तिने मला काडी म्हणणं सोडलं. बाबांच्या आवाजात मात्र रोज थोडं थोडं बळ येत गेलं. एक दिवस त्यांनी मिस्त्रीला वेल्डिंगच्या सांध्यावरून झापलं. मिस्त्रीने ऐकलं नाही असं दाखवलं आणि सांधा पुन्हा केला.

टाकी फोडल्यापासून आठव्या दिवशी भरतीला गलबत उचललं. चिखलातून सुटताना ते एकदा कण्हलं आणि मग सरळ उभं राहिलं. बाबा सुकाणूशी उभे होते, पाय फाकवून, पूर्वी उभे राहायचे तसे. वहिनीला त्यांनी पुढे शिडाच्या दोराशी लावलं होतं. वासा फिरला तर कुठे वाकायचं ते त्यांनी तिला तीनदा करून दाखवलं आणि तिच्याकडून तीनदा करवून घेतलं.

डिझेलचे कॅन मी धक्क्यापर्यंत वाहून आणले होते. दोन्ही खांदे दुखत होते. पहिला कॅन उचलून मी गलबतावर पाय ठेवला, तर बाबा खाडीकडे बघत म्हणाले, "तिला म्हणावं, खाली उतर."

वहिनी पुढून चालत आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे केला.

"वन्सं, कॅन द्या."

मी कॅन दिला आणि खाली उतरले. तिने नरसाळं लावलं, डिझेल ओतलं, टाकीचं झाकण आवळलं, ओढून पाहिलं आणि मग बाबांकडे बघून मान हलवली. इंजिन दुसऱ्या फिरकीला लागलं. दोर मी धक्क्यावरून सोडले, ते कुणीतरी सोडायलाच हवे होते.

मिस्त्री केव्हातरी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. गलबत खाडीच्या मधोमध गेलं, मुखाशी पोचलं. तिथे ओहोटी सुरू झाली होती. इंजिनाचा आवाज तुटला नाही, तसाच मुखापलीकडे गेला, आणि मग शीड वर चढायला लागलं, हळूहळू, नव्या हाताने चढवल्यासारखं, पण चढलं.

"आवाज चांगला आहे," मिस्त्री म्हणाला.

"हो."

"किती दिवस असं?" त्याने विचारलं.

"बाबा आहेत तोवर."

त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. तो दुकानाकडे गेला. मी रिकामे कॅन दोन्ही हातांत घेतले आणि घरी निघाले, कारण संध्याकाळी दोघं भुकेले परत येणार होते.